फ्रेंचच्या बाईंचा वर्ग पुन्हा भरवा

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील महाविद्यालयांचे संस्थाचालक व प्राचार्य,
तसेच पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या विद्या परिषदेचे आणि अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य

विषय : सोलापुरात फ्रेंच भाषेचे अध्यापन पुन्हा सुरू करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आमच्या फ्रेंचच्या बाईंचे गेल्या पावसाळ्यात निधन झाले. शोकसभेला आपल्यापैकी बरेचजण वेळात वेळ काढून आलात. एका सभागृहाला त्यांचे नाव द्यावे, दरवर्षी एक पारितोषिक ठेवावे, वाचनालयात तैलचित्र लावावे, अशा सूचना तिथे आल्या. त्यामागची माया मला कळते आणि बाईंची विद्यार्थिनी म्हणून मी आपली मनापासून ऋणी आहे. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण त्या दिवशी जी गोष्ट कुणीच बोलले नाही ती बोलायला हवी. बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्यासोबत त्यांचे पदही व्यपगत झाले. आज सोलापुरातल्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीला फ्रेंच शिकावेसे वाटले, तर तिने जायचे कुठे? बाईंचे स्मारक करायचे असेल तर त्यांचा वर्ग पुन्हा भरवा. माझी मागणी एवढीच आहे. बाकीचे पत्र ती का रास्त आहे हे सांगण्यासाठी आहे.

घरच्यांच्या इच्छेनुसार बाईंचे नाव इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहेच.

बाई सोलापूरच्याच. वडील गिरणीत कामाला, घर चाळीत, आणि दिवस गिरणीच्या भोंग्यावर उगवायचा. शिक्षण मराठी शाळेत. पदवीसाठी पुण्याला गेल्या तेव्हा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषांचे वर्ग चालतात हे त्यांना कळले आणि कॉलेज संपवून त्या संध्याकाळी फ्रेंच शिकायला जाऊ लागल्या. पुढे पुण्यातच राहिल्या असत्या तर त्यांचे आयुष्य नक्कीच सोपे झाले असते. तिथे अलियाँस फ्राँसेज आहे, कंपन्या आहेत, फ्रेंच येणाऱ्या माणसाला मान आणि पगार दोन्ही आहेत. त्या परत आल्या. का आल्या असे विचारले की म्हणायच्या, "पुण्यात शिकवणारे पुष्कळ आहेत गं."

परत आल्यावर कितीतरी वर्षे तासिका तत्त्वावर काढली. तासाप्रमाणे मानधन, तेही सहा-सहा महिने उशिरा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. एका कॉलेजचा तास संपला की रिक्षाने दुसऱ्या कॉलेजला. पूर्णवेळ पद मिळाले तेव्हा केस पांढरे व्हायला लागले होते. याबद्दल त्यांच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही, पण म्हणून ते योग्य होते असे मी म्हणणार नाही. एवढ्या तयारीच्या शिक्षकाला उमेदीची वर्षे मस्टरवर सही करायलाही मिळू नये, ही आपल्या व्यवस्थेतली खोट आहे, आणि ती आजही तशीच आहे. मुदतीच्या नेमणुकीवर मराठी, इतिहास, भूगोल शिकवणारे तरुण प्राध्यापक हे पत्र वाचत असतील तर त्यांना वेगळे सांगायला नको.

आता त्यांच्या शिकवण्याकडे येते. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण भाषणांमध्ये "उत्तम शिक्षिका" एवढेच आले आणि त्यात काहीच कळत नाही.

आमच्या वर्गात निम्मी मुले इंग्रजीला बिचकणारी होती. पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, वडील यंत्रमागावर. काही अक्कलकोटकडची, घरी कन्नड. दोघी-तिघी उर्दू शाळेतून आलेल्या. फ्रेंचची बाजारात मिळणारी पुस्तके सगळी इंग्रजीतून समजावणारी. म्हणजे आधीच अवघड वाटणाऱ्या भाषेतून दुसरी अवघड भाषा शिकायची. बाईंनी पहिल्याच आठवड्यात ती पुस्तके बाजूला ठेवायला लावली आणि मराठीतून फ्रेंच शिकवायला सुरुवात केली.

मराठी मुलाला टेबलाला लिंग असते याचे नवल वाटत नाही. तीन लिंगे सांभाळणाऱ्याला दोन म्हणजे काहीच नाही. फक्त चंद्र त्यांच्याकडे स्त्रीलिंगी आहे हे लक्षात ठेवावे लागते. कुणाला तू म्हणायचे आणि कुणाला तुम्ही, हे आम्हाला शिकवावे लागलेच नाही. पण ज्याला फ्रेंच शिकणारे जगभर घाबरतात त्या भूतकाळाच्या नियमाचा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. बाईंनी फळ्यावर मराठीत लिहिले : मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळे खाल्ले. विचारले, "खाणारी मी एकटीच. मग क्रियापद का बदलले?" वर्ग गप्प. मग एका मुलाने हळूच सांगितले, जे खाल्ले त्याच्याप्रमाणे बदलले. बाईंनी लगेच शेजारी फ्रेंच वाक्य लिहिले आणि वाचून दाखवले. "झे एक्री", मी लिहिले. "ला लेत्र क झे एक्रीत", मी लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी आधी आली, ती स्त्रीलिंगी, म्हणून "एक्री"चे "एक्रीत" झाले. "आपण मराठीत जवळजवळ हेच करतो," त्या म्हणाल्या, "ते फक्त कर्म आधी आले तरच करतात." इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा नियम पाठ करावा लागतो, कारण इंग्रजीत खाल्ला, खाल्ली, खाल्ले सगळे एकच. आम्हाला तो घरून आलेला होता. इंग्रजी येत नाही म्हणून मान खाली घालून बसणाऱ्या मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली.

आकड्यांचेही तसेच. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. ऐकणारा हसतो. बाई हसू देत नसत. मंगळवेढ्याकडच्या एका मुलाला त्या म्हणाल्या, "आजीला विचारून ये, ऐंशी गोवऱ्या कशा मोजायची." तो दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "चार विसा." झाले. "कात्र-व्हँ" त्या दिवसापासून आमच्या वर्गात कुणी चुकले नाही. आजीचे मोजणे अडाणीपणाचे नाही, फ्रान्सची शाळकरी पोरेही तसेच मोजतात, हे त्या मुलाला कळले. त्याने ते आजीला जाऊन सांगितलेसुद्धा.

फ्रेंचमधला "र" घशातून येतो. मराठी जिभेला तो जमत नाही. तेव्हा बाईंनी उर्दू शाळेतून आलेल्या मुलीला उभे केले आणि "ग़रीब", "ग़ज़ल" म्हणायला लावले. नुक्त्याचा ग आणि फ्रेंच र यांची घशातली जागा जवळपास एकच. ती मुलगी कायम शेवटच्या बाकावर बसायची. पुढचे काही दिवस उच्चाराचा तास तिनेच घेतला आणि आम्ही सगळे तिच्या मागून म्हणत होतो. सोलापुरात चार भाषा नांदतात असे आपण भाषणात म्हणतो. त्या चार भाषांचा अभ्यासासाठी असा रोकडा उपयोग करणारा दुसरा शिक्षक मी पाहिलेला नाही.

बाई एकदाच फ्रान्सला गेल्या, शिक्षकांच्या एका छोट्या प्रशिक्षणासाठी, बझाँसों शहरात. व्हिक्तोर ह्युगोचे जन्मगाव, घड्याळे बनवणारे गाव, आणि परदेशी लोकांना फ्रेंच शिकवण्याचे मोठे केंद्र. येताना त्यांनी पुस्तके आणि कॅसेट आणल्या, स्वतःसाठी काही आणल्याचे आठवत नाही. त्या प्रवासाबद्दल त्या फार बोलत नसत. आम्ही खोदून विचारले तर त्या गावाच्या नावातले दोन अनुनासिक स्वर वेगवेगळे कसे काढायचे ते शिकवायला लागत.

मी आता टॉवेल निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करते. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे हे आपण अभिमानाने सांगतो. पण माल बाहेर जातो तेव्हा त्याच्यासोबत कागद जातात आणि त्या कागदांना भाषा असते. फ्रान्समध्ये १९९४ चा कायदा आहे, त्यांच्या तत्कालीन मंत्र्याच्या नावाने तो तूबों कायदा म्हणून ओळखला जातो. ग्राहकाला विकायच्या वस्तूची माहिती फ्रेंचमध्ये असलीच पाहिजे, असे तो सांगतो. टॉवेल शंभर टक्के सुती आहे, किती अंशांच्या पाण्यात धुवायचा, ब्लीच चालते की नाही, हे सगळे फ्रेंचमध्ये. बाई हयात असेपर्यंत इथले कितीतरी छोटे कारखानदार लेबलचा मजकूर घेऊन त्यांच्या घरी जायचे. एकदा एका कारखानदाराला पश्चिम आफ्रिकेतल्या खरेदीदाराचे फ्रेंच पत्र आले. माल परत पाठवणार असे समजून घरात सगळे सुतकात बसावे तसे बसले होते. बाईंनी पत्र दोनदा वाचले आणि सांगितले, माल त्यांना आवडला आहे, गठ्ठ्यांवरचे क्रमांक यादीशी जुळत नाहीत एवढेच, नवी यादी पाठवा. पैसे विचारले तर म्हणाल्या, तुमच्या मुलीला वर्गात पाठवा. त्या मुलीने आज वडिलांचा पत्रव्यवहार हातात घेतला आहे.

जगात तीस कोटींहून अधिक लोक फ्रेंच बोलतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत आहेत. आपला माल तिकडे जाऊ शकतो. आपली मुलेही जाऊ शकतात. फ्रान्सने २०३० पर्यंत भारतातले तीस हजार विद्यार्थी घेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे, आणि फ्रेंच न येणाऱ्यांना आधी भाषा शिकवून मग तिथल्या अभ्यासक्रमात घेण्याची सोयही जाहीर केली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही माध्यमिक स्तरावर शिकता येतील अशा परदेशी भाषांत फ्रेंचचे नाव आहे. हे सर्व आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. सोलापूरच्या मुलाला या दारापर्यंत पोचवणारा रस्ता आपल्या गावात नाही, एवढेच मला सांगायचे आहे. डेल्फची, म्हणजे फ्रेंच किती येते हे तपासणारी प्रमाणपत्र परीक्षा द्यायला आम्ही पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जायचो. परीक्षेसाठी पुण्याला जाण्यात काही वाटत नाही. पण शिकण्यासाठीही पुण्यात खोली घेऊन राहायचे, तर ते कोणाला परवडते? आमच्या वर्गातल्या किती मुलींना घरून तशी परवानगी मिळाली असती?

तरीही नोकरी आणि निर्यात एवढ्यासाठीच मी हे मागत नाही. बाईंनाही तेवढे पुरले नसते. त्यांचा जीव दुसऱ्या गोष्टीत होता.

त्यांच्या टेबलावर कायम एक जुने, पाने पिवळी पडलेले मराठी पुस्तक असायचे. झ्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने मराठी भाषा कशी घडली यावर प्रबंध लिहिला, तो १९२० साली पॅरिसला ग्रंथरूपाने निघाला. मराठीच्या इतिहासाचा शास्त्रीय अभ्यास करणारा कोणीही त्या ग्रंथाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणला. त्याचे इंग्रजी भाषांतर निघायला १९७० उजाडले. बाई ही तारखांची तफावत प्रत्येक नव्या तुकडीला सांगायच्या, आणि सांगताना त्यांचा आवाज चढायचा. मराठी माणसाने फ्रेंच विद्या इंग्रजी वाचकाच्या जवळजवळ तीस वर्षे आधी आपल्या भाषेत वाचली, कारण फ्रेंच थेट वाचणारा एक मराठी प्राध्यापक होता. मधे इंग्रजी नव्हते.

उलट बाजूनेही तसेच झाले आहे, आणि ते तर आपल्या जिल्ह्याशी निगडित आहे. गी देलरी हे फ्रेंच अभ्यासक महाराष्ट्रात राहिले, वारीत चालले, आणि तुकोबांचे अभंग त्यांनी फ्रेंचमध्ये नेले. ते भाषांतर १९५६ मध्ये पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने काढले. पंढरपूरच्या विठोबावरचा त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रकाशित केला. गी प्वातव्हँ यांनी हेमा राईरकर यांच्यासोबत खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. फ्रान्समधून आलेली ही माणसे आपल्या चंद्रभागेपर्यंत आणि आपल्या आयाबायांच्या जात्यापर्यंत पोचली. मग चंद्रभागेच्या काठावरचे कोणी त्यांच्या भाषेपर्यंत का पोचू नये, हा बाईंचा प्रश्न होता. पंढरपूरची मुलगी तुकोबांचा अभंग फ्रेंचमध्ये स्वतः करील, तिला कोणाच्या इंग्रजीची गरज पडणार नाही, हे त्यांचे स्वप्न होते. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा बाईंनी मला फोन केला होता. आनंद होताच. पण लगेच म्हणाल्या, आता ही अभिजात मराठी जगात नेणार कोण, आपल्याकडे भाषांतर करणारे किती आहेत? माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही.

मराठी शाळा बंद पडत असताना फ्रेंचचे कौतुक कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी कृपया हे लक्षात घ्यावे. बाईंच्या वर्गात आमचे मराठी सुधारले. आपण कर्मणी आणि भावे प्रयोग आयुष्यभर बोलतो, पण ते काय असतात हे मला बारावीपर्यंत नीट कळले नव्हते, ते फ्रेंचच्या तासाला कळले. फ्रेंचमधून मराठीत भाषांतर करताना "त्याच्याद्वारे करण्यात आले" असे कोणी लिहिले की त्या वही परत करायच्या. "असे कोण बोलते तुमच्या घरी?" हा त्यांचा ठरलेला शेरा.

आणि परक्या भाषेशी सोलापूरचे काही नाते नाही असेही कुणी समजू नये. याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथल्या जखमींशी त्यांच्या भाषेत बोलले. त्यांचे स्मारक आपण जपले आहे. परक्याची भाषा शिकून त्याच्या जवळ जाणे ही या गावाला नवी गोष्ट नाही.

आता बाईंच्या वह्यांविषयी. ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

बाजारातली पुस्तके उपयोगाची नाहीत म्हणून बाईंनी स्वतः पाठ लिहिले. व्यापारी वापरतात तशा लांबट चोपड्यांमध्ये, डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर फ्रेंच, निळ्या आणि लाल शाईत. पॅरिसच्या मेट्रोत तिकीट काढण्याच्या संवादाऐवजी एसटी स्टँडवर बार्शीच्या गाडीची चौकशी. कॅफेतल्या संवादाऐवजी भाजीबाजारात घासाघीस. एक संपूर्ण पाठ सिद्धेश्वर यात्रेवर आहे. सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरची गर्दी, हे सारे सोप्या फ्रेंचमध्ये, आणि शेवटी स्वाध्याय असा : "तुमच्याकडे फ्रान्सहून पाहुणा आला आहे. अक्षता का टाकतात ते त्याला सांगा." हा स्वाध्याय करताना आम्हाला घरी आजी-आजोबांना विचारावे लागले, कारण आम्हालाही पुरते माहीत नव्हते. प्रत्येक पाठाच्या कडेला बाईंनी पेन्सिलने टिपा केल्या आहेत : कोणत्या तुकडीला कुठे अडले, कन्नड बोलणारे कुठे चुकतात, तेलुगू बोलणारे कुठे. मराठीभाषक मुलांना फ्रेंच कसे शिकवावे याचे असे काम मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही, आणि मी शोधले आहे.

या वह्या आणि बाईंची पुस्तके त्यांनी निवृत्तीच्या वेळी कॉलेजला दिली. आज ती एका महाविद्यालयाच्या जिन्याखालच्या लोखंडी कपाटात आहेत. किल्ली कोणाकडे आहे ते तीन ठिकाणी विचारून कळले. कपाट उघडले तेव्हा खालच्या खणातल्या काही वह्यांना ओल लागून पाने एकमेकांना चिकटली होती. वरच्या खणातल्या शाबूत आहेत. महाविद्यालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण कुणाला दोष द्यायचा नाही. आजचे प्राचार्य नंतर आलेले आहेत आणि त्यांनी कपाट उघडून देताना सहकार्यच केले. पण या वर्षी नवीन फर्निचर येणार आहे आणि जुनी कपाटे भंगारात जाणार आहेत, असेही मी तिथेच ऐकले. म्हणून घाई आहे.

आपल्या अडचणी मला अजिबात कळत नाहीत असे नाही. पटसंख्या नाही म्हणून कार्यभार नाही, कार्यभार नाही म्हणून पद नाही, पद नाही म्हणून शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून पटसंख्या नाही. हे चक्र कुठेतरी तोडावे लागेल. एका महाविद्यालयाला पूर्ण कार्यभार मिळत नसेल तर तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक शिक्षक नेमावा. सोमवार-मंगळवार इथे, बुधवार-गुरुवार तिथे. बाईंनी उमेदीची वर्षे अशीच धावपळ केली. फरक इतकाच की नव्या शिक्षकाला त्यासाठी बारा महिन्यांचा पगार आणि नेमणुकीचा कागद असावा. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांना विनंती आहे की फ्रेंचचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम श्रेयांकांसह मान्य करावा, कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला तो घेता यावा, आणि अध्यापनाचे माध्यम मराठी असण्याला त्यात स्पष्ट जागा असावी. ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. ती नसेल तर वर्ग सुरू होईल, पण पूर्व भागातली मुलगी त्यात टिकणार नाही.

आणखी एक गोष्ट, जरा कडू आहे. अकरावी-बारावीला मार्क पडतात म्हणून फ्रेंच घ्यायचे आणि परीक्षा झाली की विसरायचे, असे शहरोशहरी चालते. प्रश्नांची ठरावीक उत्तरे, घोकंपट्टी, शंभरपैकी नव्वदच्या वर. बाईंना या गोष्टीचा मनस्वी त्रास व्हायचा. नवा वर्ग असा होणार असेल तर तो न झालेला बरा. पहिल्या सत्राच्या शेवटी मुलाला स्वतःच्या घराबद्दल पाच मिनिटे न अडखळता फ्रेंच बोलता आले पाहिजे, ही बाईंची अट होती, आणि बोलता आले नाही तर लेखी परीक्षेत कितीही मार्क असले तरी त्या समाधानी नसत. अभ्यासक्रम ठरवताना तोंडी परीक्षेला लेखीइतकेच गुण ठेवावेत.

जर्मन का नको, जपानी का नको, असेही विचारले जाईल. अवश्य असावी. पुण्याच्या वाहन उद्योगात जर्मनला मागणी आहे हे मीही पाहते. पण फ्रेंचसाठी आपल्याकडे पाठ तयार आहेत, पद्धत तयार आहे, शिकवू शकणारे माजी विद्यार्थी आहेत. जे हाताशी आहे तिथून सुरुवात करावी.

आम्ही काय करू शकतो तेही सांगते. बाईंच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहीजण सोलापुरात आहेत, काही पुण्यात भाषांतराचे आणि अध्यापनाचे काम करतात, एकजण फ्रान्समध्ये शिकून परत आला आहे. वह्यांचे प्रत्येक पान स्कॅन करणे, चिकटलेली पाने जाणकाराकडून सोडवून घेणे, मजकूर संगणकावर टंकित करून तपासणे, हे काम आम्ही विनामूल्य करू. मूळ वह्या मात्र एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात, कोणालाही बसून वाचता येतील अशा ठेवाव्यात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था गावात आहे, तिथे विचारणा करता येईल. बाईंच्या कुटुंबीयांची याला लेखी संमती आहे. नियमित नेमणूक होईपर्यंत पहिल्या वर्षाचे संध्याकाळचे तास आम्ही आळीपाळीने घेऊ, मानधन न घेता. फक्त हे एका वर्षापुरते. त्यानंतरही फुकट शिकवणाऱ्यांवर वर्ग चालवायचा विचार असेल तर आम्ही त्यात नाही, कारण बाईंवर जो अन्याय झाला तोच आम्ही पुढच्या माणसावर करायला मदत केल्यासारखे होईल.

सभागृहाच्या नामकरणाचा आणि तैलचित्राचा निधी जमा झाला असल्यास तो या शिक्षकाच्या पहिल्या वर्षाच्या पगारासाठी बाजूला ठेवावा, अशी नम्र विनंती आहे. देणगीदारांशी बोलायला मी स्वतः येईन.

जूनमध्ये नवीन शैक्षणिक वर्ष सुरू होते. त्याआधी, शक्यतो एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, संबंधित प्राचार्यांची आणि आमची एक बैठक व्हावी. वेळ आणि जागा आपण ठरवा, आम्ही दोन वह्या आणि अभ्यासक्रमाचा कच्चा मसुदा घेऊन हजर राहू. आणि बैठकीची तारीख ठरायला वेळ लागणार असेल तर एवढे तरी तातडीने करावे : जिन्याखालचे ते कपाट भंगाराच्या यादीतून आजच काढावे.

कळावे,
आपली नम्र,
बाईंची एक माजी विद्यार्थिनी
सोलापूर